तीन मुली आणि एक जहागीर

अमृता शेरगिलचे ‘तीन मुली’ हे चित्र बहुतेक वाचकांनी कधी ना कधी पाहिलेच असेल. मूळ चित्र नव्हे, तर त्याची छापील प्रत. एखाद्या कॅलेंडरावर, एखाद्या पुस्तकाच्या वेष्टनावर, एखाद्या मित्राच्या बैठकीच्या खोलीत. तीन तरुण मुली एकमेकींना खेटून बसल्या आहेत. कपडे साधे, रंग मात्र दाट आणि तापलेले. अंगावर दागिना जवळजवळ नाहीच. तिघींच्या नजरा खाली, आणि गंमत अशी की, इतक्या जवळ बसूनही कोणी कोणाकडे पाहत नाही. हे चित्र १९३५ सालचे. बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली त्याला सुवर्णपदक दिले, त्यामुळे ह्या चित्रावर मुंबईकरांचा थोडा हक्क आहे असे म्हटले तरी चालेल.

ह्या तीन मुली कोण, असे विचारले तर साधारणतः ठरलेले उत्तर येते. हिंदुस्थानातील दरिद्री, दुःखी स्त्रीचे हे चित्र आहे, असे आपण म्हणतो. अमृताने पॅरिसहून परत आल्यावर ह्या देशातील गोरगरिबांची चित्रे काढण्याचा निश्चय केला होता हे आपण कुठेतरी वाचलेले असते आणि त्या खाली झुकलेल्या पापण्यांत आपल्याला लगेच दारिद्र्य दिसू लागते. मीही पुष्कळ वर्षे ते असेच पाहत आलो. पुढे कळले की, ह्या चित्रासाठी बसलेल्या तिघी अमृताच्या नात्यातल्याच मुली होत्या, अमृतसरच्या मजिठिया सरदारांच्या घरच्या. रणजितसिंगाच्या दरबारात ज्या घराण्याचा शब्द चालत होता, ज्याच्या पागेत हत्ती झुलत होते, त्या घरच्या लेकी!

हे कळले आणि चित्र माझ्यापुरते बदलून गेले. दुःख तेच राहिले, पण त्याचा पत्ता बदलला. ह्या मुली भाकरीची वाट पाहत नाहीत. त्या कसली तरी दुसरीच वाट पाहत आहेत, आणि जिची वाट पाहायची ती गोष्ट आपल्याला विचारून ठरणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून मला असे वाटत आले आहे की, अमृता शेरगिलची चित्रे ही गरिबीची चित्रे म्हणून वाचण्यापूर्वी एकदा एका सरदार घराण्याची बखर म्हणून वाचून पाहावीत. मात्र त्यासाठी त्या घराण्याचा थोडा परिचय करून घ्यायला हवा.

अमृतसरच्या उत्तरेला मजिठा नावाचे गाव आहे. तेथील शेरगिल जाट म्हणजे मजिठिया सरदार. एकाच मुळाच्या निरनिराळ्या शाखा. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. पहिलीत देसासिंग. १८०९ साली रणजितसिंगाने गुरख्यांना हुसकून कांगड्याचा किल्ला घेतला, त्यानंतर त्या डोंगरी मुलुखाचा कारभार देसासिंगाकडे आला. तो १८३२ मध्ये वारला. त्याचा मुलगा लेहनासिंग हा मला ह्या सगळ्या वंशातला अत्यंत लोभस पुरुष वाटतो. सरदाराचा मुलगा, पण जीव गुंतलेला यंत्रांत आणि ताऱ्यांत. तोफा ओतण्याच्या कामात त्याने सुधारणा केल्या आणि एक घड्याळ तयार केले. त्यात तासांबरोबर तिथी आणि चंद्राच्या कला दिसत. रणजितसिंगाच्या मागे लाहोर दरबारात खुनांचे सत्र सुरू झाले, तेव्हा ह्या शहाण्या माणसाने १८४४ साली तीर्थयात्रेचे निमित्त काढून पंजाब सोडला. मध्यंतरी तो एकदा परत आला, पण रंग ओळखून १८४८ मध्ये पुन्हा काशीला गेला आणि तेथेच १८५४ साली वारला. बुडत्या जहाजावरून वेळीच उतरणारा माणूस! भ्याड म्हणा किंवा ज्ञानी म्हणा.

दुसऱ्या शाखेतला सुरतसिंग एवढा सावध नव्हता. १८४८ च्या मुलतानच्या मोहिमेत शेरसिंग अटारीवाला इंग्रजांवर उलटला, तेव्हा सुरतसिंग त्याच्याबरोबर होता. पंजाब खालसा झाला, सुरतसिंगाची जहागीर जप्त झाली आणि त्यालाही काशीचा रस्ता दाखवण्यात आला. म्हणजे घराण्याचा एक पुरुष काशीत स्वखुशीने आला, दुसरा सक्तीने. आणि मग उजाडला १८५७ चा जून महिना. काशीत पलटणी बिथरल्या, इंग्रजी तोफांनी लुधियान्याच्या शीख शिपायांवरही मारा केला, आणि आपल्या भावांवर गोळे पडताना पाहून खजिन्यावरचे शीख पहारेकरी चवताळले. त्या वेळी सुरतसिंगाने त्यांच्यात जाऊन त्यांना शांत केले. त्या खजिन्यात सरकारी रोकड होतीच. शिवाय रणजितसिंगाची राणी जिंदन हिचे जप्त केलेले जवाहीरही होते. ज्या राज्यासाठी आठ वर्षांपूर्वी हा माणूस लढला त्याच राज्याची लुटलेली दौलत त्याने इंग्रजांसाठी सांभाळून ठेवली. कादंबरीकाराने हा प्रसंग कल्पिला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

बक्षीस म्हणून सुरतसिंगाला गोरखपूर जिल्ह्यात डुमरीची जहागीर मिळाली. ही जमीन आकाशातून पडली नव्हती. तेथल्या बंधूसिंगाने बंडात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, त्याला फाशी झाली आणि त्याची जप्त केलेली इस्टेट पंजाबच्या ह्या सरदाराला देण्यात आली. एका बंडखोराची जमीन दुसऱ्या, पण सुधारलेल्या बंडखोराला! वाचकाने हे गाव लक्षात ठेवावे. आपल्याला तेथे परत यायचे आहे.

ही सारी हकीकत सर लेपेल ग्रिफिन ह्या मुलकी अधिकाऱ्याच्या ‘पंजाब चीफ्स’ ह्या १८६५ सालच्या ग्रंथात आणि त्याच्या पुढील सुधारलेल्या आवृत्त्यांत सापडते. ह्या ग्रंथाविषयी चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्रिफिनची लेखणी मोठी चपळ आहे. सरदारांच्या लढाया, कपट, उधळपट्टी, मरण हे सगळे तो अशा झोकात सांगतो की, सरकारी ग्रंथ वाचतो आहोत हे आपण विसरतो. पण थोडे वाचले की ह्या लेखणीचा काटा कोणत्या बाजूला झुकतो हे दिसू लागते. घराण्याचा उदय म्हणजे सनद मिळणे, अस्त म्हणजे सनद फाटणे. शहाणपण म्हणजे जिंकणाऱ्या बाजूला वेळेवर जाणे. माणसाची किंमत रुपयांच्या आकड्यात, जहागिरीच्या बेरजेत. आपल्याकडच्या इनाम कमिशनची दप्तरे ज्यांनी चाळली असतील त्यांना हा सूर नवा वाटणार नाही. आणखी एक गोष्ट. प्रत्येक घराण्याच्या प्रकरणाला वंशवृक्ष जोडलेला आहे, बाप, मुलगे, नातू, फांद्यांना फांद्या फुटलेल्या. पण त्या झाडाला एकही मुलगी लागलेली नाही. ‘तीन मुली’ ह्या चित्रातल्या तिघींना त्या कागदावर जागा नव्हती. त्या चित्राच्या चित्रकर्तीलाही नव्हती.

लेहनासिंगाचा मुलगा दयालसिंग ह्याची गोष्ट खरे तर एका स्वतंत्र लेखाची आहे. काशीत जन्मलेला, सहाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा मोठेपणी ब्राह्म समाजाकडे वळला. त्यांनी १८८१ साली लाहोरात ‘ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र काढले. १८९४ च्या पंजाब नॅशनल बँकेच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते. मूलबाळ नव्हते. १८९८ साली ते वारले तेव्हा जवळजवळ सारी दौलत वृत्तपत्र, महाविद्यालय आणि ग्रंथालय ह्यांच्या विश्वस्तांकडे गेली. त्यांच्या पत्नी राणी भगवान कौर ह्यांनी मृत्युपत्राला आव्हान दिले आणि खटला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चढला. प्रश्न असा पडला की, शीख कुळात जन्मलेला आणि ब्राह्म मताकडे झुकलेला हा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने हिंदू होता की नाही? होता, असा निर्णय १९०३ साली विलायतेत झाला. महाविद्यालय उभे राहिले आणि ते ठीकच झाले. पण ज्या बाईने हा दावा लढवला तिच्या बाजूने विचार करणारा एकही लेख माझ्या वाचनात नाही. घराण्याची थोरवी सांगताना घरातल्या बाईची कैफियत अडगळीत जाते. असो.

सुरतसिंगाला पुढे राजा हा किताब मिळाला आणि १८८१ मध्ये तो वारला. मागे दोन लहान मुलगे राहिले: उमरावसिंग आणि सुंदरसिंग. धाकट्याने काळ ओळखला. चीफ खालसा दिवाण, पंजाब अँड सिंध बँक, पंजाबच्या सरकारात महसूल खाते, सर हा किताब, आणि गोरखपूरच्या जहागिरीत सराया येथे साखरेचा कारखाना. तलवार गेली तर ऊस आहे, असे म्हणणारा हा पुरुष. सुंदरसिंग १९४१ साली वारले तेव्हा ते पंजाबच्या मंत्रिमंडळात होते. ह्या शाखेने पुढेही राजदूत आणि मंत्री दिले. तेव्हा घराण्याचा अस्त अस्त म्हणतो तो कोणता, असे कोणी विचारील तर ते रास्त आहे. सत्ता ह्या घरातून गेली नाही. गेला तो जमिनीवरचा विश्वास. आपण इथले धनी आहोत आणि ते देवाने ठरवले आहे, ही ठाम समजूत गेली. ती कशी गेली हे सुंदरसिंगांच्या चरित्रात कळत नाही. ते थोरल्या भावाच्या छायाचित्रांत कळते.

उमरावसिंगांचा जन्म १८७० चा. संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी, योगाचे साधक, टॉलस्टॉयचे भक्त, कवी इक्बालचे स्नेही. लेहनासिंगाचा तो नक्षत्रांचा नाद दुसऱ्या शाखेत उतरला की काय न कळे, पण ह्यांनाही आकाशाचे वेड होते. जहागिरीचा कारभार धाकटा भाऊ पाहत असे. थोरल्या सरदाराला करायला काही उरलेच नव्हते. मग त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून म्हातारपणापर्यंत तो खाली ठेवला नाही.

त्यांनी छायाचित्रे काढली ती मुख्यतः स्वतःची. हे वाचून हसू येईल. आजकाल ज्याच्या त्याच्या हातात तो खेळ आहे. पण उमरावसिंगांच्या छायाचित्रांत आत्मप्रौढीचा लवलेशही नाही. कधी ते लंगोट लावून योगासनात उभे आहेत, केस मोकळे सोडलेले. कधी पुस्तकांच्या ढिगात. कधी दीर्घ उपवासानंतर फासळ्या दिसणारे शरीर ते एखाद्या वैद्याच्या तटस्थपणाने नोंदवून ठेवतात. सरदारांची तसबीर आपल्याला माहीत असते: मंदिल, तुरा, मुठीवर हात, पायाशी गालिचा. ती तसबीर म्हणत असते, माझ्याकडे पाहा, मी कोण आहे ते. उमरावसिंगांची छायाचित्रे हेच शब्द उलटे करून विचारतात: मी कोण आहे? माझ्या मते शीख सरदारवर्गाच्या मावळतीचा ह्याहून प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही. ग्रिफिनच्या प्रकरणांत ज्याची बेरीज वजाबाकी झाली त्या माणसाच्या आत काय चालले होते ते ह्या काचेच्या पट्ट्यांनी टिपले आहे.

१९१२ साली लाहोरात त्यांचे दुसरे लग्न झाले. वधू हंगेरियन, मारी आंत्वानेत गोटेसमान; गाणारी, पियानो वाजवणारी, भडक स्वभावाची. ती हिंदुस्थानात आली ती राजकन्या बंबा हिच्याबरोबर, आणि बंबा ही रणजितसिंगाची सख्खी नात! ज्या दरबारात मजिठियांचा उदय झाला त्या दरबाराची शेवटची सावली ह्या लग्नाच्या मांडवात उभी होती. नवराबायको युरोपात गेली, ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये अमृता जन्मली, पाठोपाठ धाकटी इंदिरा, आणि महायुद्धाने परतीची वाट बंद केली. १९२१ साली हे कुटुंब सिमल्याला येऊन राहिले. ह्या सगळ्या वर्षांत उमरावसिंगांचा कॅमेरा चालूच होता. पत्नी पियानोपाशी, मुली नटवलेल्या, गालिचे, पडदे, आरसे. ह्या छायाचित्रांत सारे कुटुंब सतत नाटकाचा पडदा उघडण्याची वाट पाहत असल्यासारखे दिसते. आणि त्यातही कोणी कोणाकडे पाहत नाही! ‘तीन मुली’ची रचना अमृताने पॅरिसच्या शाळेत शिकली, गोगँकडून उचलली, अजिंठ्यात पक्की केली, असे टीकाकार सांगतात. अजिंठा तर तिने त्या चित्रानंतर पाहिला. मला वाटते, एका चौकटीत अनेक माणसे बसवून प्रत्येकाला एकटे ठेवायचे हा धडा तिने बापाच्या कॅमेऱ्यासमोर बसून लहानपणीच गिरवला होता.

बापलेकींचे नाते सरळ नव्हते. पॅरिसमध्ये नाव मिळवून १९३४ मध्ये अमृता परत यायला निघाली, तेव्हा तिच्या वर्तनाने घराण्याची अब्रू जाईल अशी धास्ती ह्याच टॉलस्टॉयभक्ताला वाटली होती. पुढे एकदा तिच्या पत्रांचा गठ्ठाच घरात जाळण्यात आला. त्यात नेहरूंची पत्रे होती. हे कळल्यावर तिने वडिलांना जे लिहिले त्यात राग आहे, त्याहून अधिक शरम आहे. स्वतःची काया नग्न उघडी करून काचेवर उतरवणारा हा गृहस्थ मुलीच्या पत्रांना मात्र भ्याला. सरदारकी अंगातून जाते म्हणजे सगळीच जाते असे नाही.

नोव्हेंबर १९३६ मध्ये मुंबईला ताजमहाल हॉटेलात अमृताच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तेथे तिला कार्ल खंडालावाला भेटले. मुंबईचे बॅरिस्टर आणि जातिवंत रसिक. १९४४ साली त्यांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ आजही वाचण्यासारखा आहे. मुंबईहून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली, दक्षिणेत गेली, आणि परतल्यावर ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’, ‘बाजाराला निघालेले दाक्षिणात्य खेडूत’ ही चित्रे झाली. ह्या चित्रांवर इतके लिहिले गेले आहे की, मी त्यांत भर घालीत नाही. शिवाय खरे सांगायचे तर मला ती थोडी अभ्यासाची वाटतात. त्यांत अजिंठा दिसतो, पण अमृता किंचित मागे सरलेली असते. तिचे स्वतःचे घर तिला सापडले ते नंतर, सरायाला.

१९३८ साली तिने मावसभाऊ डॉक्टर व्हिक्टर एगान ह्यांच्याशी लग्न केले आणि दोघे काकांच्या सरायाच्या जहागिरीत येऊन राहिली. व्हिक्टर साखर कारखान्याचे डॉक्टर झाले. चारी बाजूंना ऊस, हत्ती, धूळ, आणि नातेवाइकांचा गोतावळा. येथे तिला फार कंटाळा आला आणि येथेच तिने आपली उत्तम चित्रे काढली. ‘जनानखान्याच्या आवारात’ ह्या १९३८ च्या चित्रात बायका उघड्यावर बसल्या आहेत, एका तरुण मुलीची वेणीफणी चालली आहे, पुढे कुत्रा आहे. काही घडत नाही. मोठ्या घरच्या दुपारी काही घडत नसते तसेच. १९४० च्या ‘बाजेवर विसावलेली स्त्री’मध्ये लाल वस्त्रातली बाई बाजेवर पडली आहे. ही विश्रांती नव्हे. हा कोंडलेल्या शरीराचा आळस आहे, त्यात उष्मा आहे, वासना आहे, आणि कोणी येणार नाही ही खात्री आहे. मोठ्या घरातली बाई अशी आतून कोणी रंगवली नव्हती. बाहेरच्या पुरुष चित्रकाराला तो दरवाजाच बंद होता. ग्रिफिनच्या वंशवृक्षातली रिकामी अर्धी बाजू येथे भरून निघाली आहे, असे मी म्हणतो ते ह्या अर्थाने.

पण त्याच चित्रात आणखी एक बाई आहे. बाजेशेजारी खाली बसून वारा घालणारी. ती सुंदर रंगवली आहे, तिची बसण्याची लकब अचूक आहे. पण ती जिवंत माणूस नसून चित्राच्या तोलासाठी ठेवलेला एक आकार आहे. बाजेवरच्या बाईचे मन आपल्याला कळते. पंख्यावरच्या बाईचा फक्त हात कळतो. ‘हळद दळणाऱ्या बायका’ पाहा, ‘हिरव्या डोहातले हत्ती’ पाहा. झाडे, बायका, हत्ती हे सारे एकाच शांत, तुपाळ उन्हात न्हालेले. आणि चित्रकर्तीची नजर सगळ्यांवरून सारख्याच मायेने फिरणारी. अशी माया ओसरीवरून खाली पाहताना सुचते.

आता डुमरीला परत येऊ. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी ह्याच डुमरीत, मजिठिया सरदारांच्या गावात, असहकाराच्या चळवळीतले स्वयंसेवक जमले आणि तेथून चौरीचौऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, जमाव भडकला, ठाणे पेटले, वीसाहून अधिक पोलीस मेले. गांधीजींनी चळवळ मागे घेतली. सेशन्स कोर्टाने १७२ जणांना फाशी सांगितली. हायकोर्टातून त्यांपैकी १९ जणांची कायम झाली. फासावर गेलेल्यांत आणि काळ्या पाण्यावर गेलेल्यांत आसपासच्या गावांतले शेतकरी होते. नऊ वर्षांची अमृता त्या वेळी सिमल्याला होती. सोळा वर्षांनी ती जेथे राहायला आली ते सराया तेथून अगदी जवळ. जे लोक तिच्यासमोर बसले त्यांच्यात ज्यांच्या घरचे कोणी गेले असे लोक नसतीलच असे कसे म्हणावे? ऑक्टोबर १९४० मध्ये नेहरू गोरखपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांपुढे बोलले. त्याच दौऱ्यात ते सरायाला अमृताला भेटून गेले. त्या भाषणांबद्दल त्यांना चार वर्षांची सजा झाली. एवढे सगळे अंगणापर्यंत आले, पण चित्रांत त्याचा शिंतोडाही नाही.

म्हणून ही चित्रे खोटी ठरतात काय? आमच्यातले काही कडवे मित्र तसे म्हणतील. जमीनदाराच्या पुतणीने कुळांचे दुःख रंगवणे हा त्यांच्या मते दुःखाचाही सारा वसूल करण्याचा प्रकार आहे. ही टीका बोचरी आहे आणि सगळी चुकीची नाही. पण चित्राकडे निबंध म्हणून पाहण्याची चूक तिच्यात आहे. अमृताने कुळांचे दुःख रंगवले असे तिच्या भक्तांनी सांगितले आणि टीकाकारांनी ते खरे धरले. तिने रंगवले ते एका घराचे दुःख, जे घर दुसऱ्याच्या जमिनीवर उभे होते आणि ज्याला ते आतल्या आत कळले होते. तिच्या चित्रांतली शेतकरी माणसे आपल्याकडे पाहत नाहीत, हे मी पुष्कळदा निरखले आहे. त्यांचे डोळे वळवलेले असतात किंवा काळोखात असतात. आपल्याला ह्यांचे मन कळत नाही, हे त्या कुंचल्याला ठाऊक आहे. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव तो आणत नाही. त्या काळात गरिबांच्या डोळ्यांत हुकमी अश्रू रंगवणारे थोडे नव्हते. त्यांची चित्रे आज कोणाला आठवतात?

दोष दाखवायचाच तर मी दुसरा दाखवीन. सरायाच्या काही चित्रांत गोडवा प्रमाणाबाहेर गेला आहे. ‘गजविहार’सारख्या चित्रात राजपूत आणि मोगल लघुचित्रांची चाल तिने इतकी हौसेने उचलली आहे की, जहागिरीचे वैभव अजून शाबूत असल्याचा भास व्हावा. घराणे मावळत असताना त्याच्या हत्तींवर झूल घालण्याचा मोह कलावंतालाही आवरत नाही.

सप्टेंबर १९४१ मध्ये सरायाला कंटाळून ती लाहोरला आली आणि ५ डिसेंबरला, प्रदर्शन तोंडावर असताना, अचानक वारली. वय अवघे अठ्ठावीस. शेवटचे चित्र अपुरे राहिले: गच्चीवरून दिसणारी लाहोरची घरे आणि म्हशी. पहिल्यांदाच तिच्या चित्रात ना सरदार आहेत, ना त्यांची माणसे.

पुढचे भराभर घडले. फाळणी झाली, दयालसिंगांचा ‘ट्रिब्यून’ लाहोर सोडून सिमला, अंबाला आणि शेवटी चंडीगढला गेला, त्यांचे ग्रंथालय लाहोरातच राहिले. १९४८ साली मारी आंत्वानेतने स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशात जमीनदारी संपुष्टात आली आणि १८५७ च्या सनदेने दिलेले मालकीहक्क कायद्याच्या पुस्तकात विरून गेले. उमरावसिंग १९५४ साली वारले. त्याच वर्षी दिल्लीला जयपूरच्या महाराजांच्या जुन्या प्रासादात राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय उघडले आणि अमृताची चित्रे त्याच्या संग्रहाचा गाभा बनली. १९७६ साली सरकारने तिची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. २०२३ साली तिच्या ‘कथेकरी’ ह्या चित्राला लिलावात जवळजवळ ६२ कोटी रुपये आले. भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. डुमरीच्या जहागिरीचे एकूण उत्पन्न किती पिढ्यांत तेवढे झाले असते, हा हिशेब ग्रिफिनने आवडीने मांडला असता.

इंदिरेचे चिरंजीव विवान सुंदरम् हेही चित्रकार होते. २०२३ मध्येच ते वारले. आजोबांची छायाचित्रे आणि मावशीची चित्रे एकत्र गुंफून त्यांनी २००१ च्या सुमारास एक माला केली. वेगवेगळ्या वर्षांची माणसे तिच्यात एकाच खोलीत येतात. तरुण अमृता आणि म्हातारे उमरावसिंग समोरासमोर उभे राहतात, मागे आरसा असतो, आरशात आणखी एक अमृता. ही माला मी पुस्तकात पाहिली, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की, उमरावसिंगांच्या हातात कॅमेऱ्याची दोरी कित्येकदा दिसते आणि ती लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केलेला नाही.